न धुतलेली बाटली

मालूचे दोन्ही अंगठे मुळापाशी सुजलेले असतात. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे ते कोमट पाण्यात बुडवून जागे करायचे. अंगठे जागे झाले की ती चहा करते आणि कप दोन्ही हातांनी धरून पिते. सून मनस्वीला वाटतं, थंडी वाजते म्हणून. मालू तिला तसंच वाटू देते.

मालूचं वय एकोणसाठ. गेली चाळीस वर्षं ती बाळ-बाळंतिणींना तेल लावते आणि बाळांना न्हाऊ घालते. आधी खाडीकाठच्या गावात घालायची. गाव विमानतळाच्या भरावाखाली गेलं, माणसं पुनर्वसनाच्या प्लॉटवर आली, तेव्हापासून कामोठ्याच्या इमारतींत घालते. गावात तिला कुणी बोलवायला येत नसे, पोर झालं की ती आपोआप जायची. कामोठ्यात सगळा कारभार फोनवर. सासू पुण्याला, आई नागपूरला आणि बाळ मांडीवर कसं घ्यायचं ते मोबाइलवर बघून शिकलेली बाळंतीण, अशा घरांचा एक ग्रुप आहे आणि त्यात मालूचा नंबर फिरत असतो. निदान दोनशे फोनांत तिचं नाव ‘मालू मालिश’ असंच असेल. आडनाव विचारायची वेळ कुणावर आली नाही.

पोरं मोठी होतात, तेही एक असतंच. ज्यांना उताणं-पालथं केलं, ज्यांची डोकी हातानं गोल केली, ती पोरं आता दप्तर लावून लिफ्टमध्ये भेटतात आणि अनोळखी बाईला जागा द्यावी तशी बाजूला सरकतात. मालू त्यांच्या डोक्याकडे बघते. डोकं गोल असलं म्हणजे झालं. पण खरं सांगायचं तर हल्ली त्याचंही तिला फार वाटेनासं झालं होतं. ती थकली होती. एका झोपेनं जाईल असा तो थकवा नव्हता.

थांबावं असं तिला वर्षभर वाटत होतं. थांबता येत नव्हतं ते बाटलीमुळे.

बाटली म्हणजे तेलाची. वीतभरही नाही. हिरवट निळ्या जाड काचेची, पोट जरा एका बाजूला सुटलेलं, मान लांब आणि तोंडाला बाहेर पसरलेली चपटी कड. बूड असं वाकडं की ती उभी राहायचीच नाही, म्हणून मालू तिला जुन्या लुगड्याच्या चुंबळीत बसवायची. तोंडाला कापसाचा बोळा. मालूच्या सासूच्या सासऱ्यांना ती मिठागराचा बांध दुरुस्त करताना चिखलात सापडली होती, आणि तेव्हापासून घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला त्याच बाटलीतलं तेल लागलेलं. मालूच्या सासूनं, गुणाबाईनं, बाटली मालूच्या हातात दिली तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, बाटली कधी रिती करायची नाय, तळाशी थोडं ठेवूनच वर नवं ओतायचं. दोन, धुवायची नाय. तीन, विस्तवावर किंवा कढत पाण्यात तापवायची नाय, अंगाच्या उबेवरच तेल पातळ करायचं. “याच्यात आपल्या समद्या पोरांचं तेल हाय,” गुणाबाई म्हणाली होती. “हात थकला की दुसऱ्या हाताला दे. पन रिती करून ठेवू नको.”

आता तो दुसरा हात कुठून आणायचा? मालूला मुलगी नाही. नवरा शिवा आठ वर्षांपूर्वी गेला. एकुलता एक मुलगा हरेश टेम्पो चालवतो आणि पळस्प्याच्या नाक्यावर भाड्याची वाट बघत अर्धं आयुष्य काढतो. राहिली मनस्वी. ती पनवेलला एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि तिला सातवा महिना लागला होता. मालूचं पहिलं नातवंड. तीनशे लोकांची पोरं चोळून झाल्यावर आता कुठे स्वतःच्या घरातलं येणार होतं. तेवढं एक आपल्या हातानं, त्या बाटलीनं करावं आणि मग बाटली सुनेच्या ओटीत घालून मोकळं व्हावं, एवढीच मालूची इच्छा होती.

मनस्वीनं ती इच्छा डोहाळजेवणाच्या दिवशीच मोडून काढली. भांडून नाही, अगदी पाया पडताना बोलावं तशा आवाजात. “आई, राग मानू नका. पण ती बाटली नको. मी रोज काचेखाली बघते काय काय वळवळत असतं ते. चाळीस वर्षं धुतलेली नाही म्हणता तुम्ही.”

मालूनं राग मानला नाही असं म्हणणं खोटं होईल. मानला. पण तो कढईच्या बुडाशी काही करपावं तसा आतल्या आत ठेवला, वर काही दिसू दिलं नाही.

त्या जानेवारीत मालूकडे एकच काम होतं, कामोठ्याच्या ऋचाचं. पहिलटकरीण, मुलगी झालेली, नाव इरा. मालू सकाळी बाटली कनवटीला खोचायची आणि रिक्षात बसायची. थंडीनं थिजलेलं खोबरेल कामोठं येईस्तोवर पोटाच्या उबेनं सुटायचं. मग ऋचाच्या घरी बाल्कनीपाशी पाय पसरून बसायचं, इराला नडग्यांवर घ्यायचं आणि बाटली उपडी करून कडेवर आलेला थेंब तसाच त्या चपट्या कडेनं पोरीच्या पाठीवर पसरवायचा. हातावर तेल घ्यायची गरजच नाही. कड असते ती त्यासाठीच.

ऋचा पहिले काही दिवस आतल्या खोलीत झोपलेली असायची. बाराव्या दिवशी ती बाहेर येऊन शेजारी बसली. ऊन होतं, चुंबळीचं कापड सरकलं होतं आणि बाटलीच्या पोटातून जमिनीवर हिरवा उजेड पडला होता. ऋचा मुंबईला एका संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करते, हे मालूला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती रजेवरची एक बाळंतीण होती.

“मालूमावशी, ही कुठली?” ऋचानं विचारलं.

“घरची.”

“बघू?”

मालूनं दिली. ऋचानं ती उन्हात धरली आणि इतकी हळूहळू फिरवली की इरा रडायला लागली तरी तिचं लक्ष गेलं नाही. काचेत अडकलेले लांबट बुडबुडे, कडेची आत वळवलेली किनार, वाकडं बूड. मग ती म्हणाली की प्रयोगशाळेत बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण ही बाटली रोमन वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीची. तिकडे समुद्रापार रोमचं मोठं राज्य होतं आणि तिथली जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत. त्या लोकांच्या घराघरात काच असायची. प्यायचे पेले, लोणच्यासारखं काही भरायच्या चौकोनी बाटल्या, आणि अशा तेलाच्या. न्हायला जाताना तेल घेऊन जायचे, अंगाला चोळायचे.

मालूनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे तिकडंपन हेच काम करायची का ही?”

“बहुतेक हेच.”

“मंग तिला इकडं येऊन काय आराम मिळाला?”

ऋचा हसली. मग तिनं कडेवर बोट फिरवत विचारलं की ही कड एवढी पसरट का असेल, आमच्याकडे यावर वाद चालतात. मालूनं बाटली परत घेतली, उपडी केली आणि इराच्या टाचेवर एक थेंब त्या कडेनं पसरवून दाखवला. ऋचानं टाचेवरचा तो तेलाचा पातळ पट्टा वाकून बघितला. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतं.”

तिनं फोटो काढून आपल्या साहेबांना पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं. साहेब सोमवारी स्वतः बघायला येणार होते. सरकारकडे नोंद करावी लागेल, आणि मालूनं दिली तर बाटली संग्रहालयात, घरातल्या वापराच्या वस्तूंच्या कपाटात ठेवता येईल. “तोपर्यंत तिला काही करू नका हं,” ऋचानं बजावलं. “धुवू नका, पुसू नका.”

“चाळीस वरसं तेच करतेय,” मालू म्हणाली.

घरी जाताना रिक्षात तिनं बाटलीवर हात ठेवला. कुणीतरी घ्यायला तयार झालं होतं. हलकं वाटायला हवं होतं. पण कपाटात बाटली कोरडी असणार, पुसून, नंबर घालून. दुसरा हात म्हणजे कपाट, असं गुणाबाईला काही वाटलं नसतं.

आणि त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, जी मालूनं कुणाला सांगितली नाही. इराला न्हाऊ घालताना मालूच्या उजव्या अंगठ्यानं धरलंच नाही. कळ आली आणि बोटं सुटली. तेलकट पोर नडगीवरून सरकली आणि मालूनं कोपरानं अडवली म्हणून डोकं फरशीवर आपटायचं राहिलं. ऋचा आत फोनवर होती. इरा रडलीसुद्धा नाही. मालूनं मात्र उरलेलं न्हाणं डाव्या हातानंच उरकलं. चाळीस वर्षांत तिच्या हातून पोर निसटलं नव्हतं.

शनिवारी जेवताना तिनं बाटलीचं रोमन प्रकरण घरी सांगितलं. हरेशनं घास थांबवून विचारलं, “दोन हजार? नक्की?” मनस्वी तिच्या स्वभावाप्रमाणे भलत्याच ठिकाणी पोचली. “म्हणजे दोन हजार वर्षं धुतलीच नाही?”

हरेश हसला. मालूही हसली. मनस्वीनं मग मवाळपणे म्हटलं, “नाही हो आई, भारी आहे. द्याच संग्रहालयाला. आपल्याला काय, स्वच्छ धुतलेली, उकळलेली असती तर गोष्ट वेगळी होती. मग तुम्हीच लावायचं होतं बाळाला.”

बोलून ती वाढायला लागली. तिच्या दृष्टीनं ते वाक्य तिथंच संपलं. मालूच्या मनात मात्र ते रात्रभर राहिलं.

रविवारी मनस्वीची लॅब दोनपर्यंत. हरेश भाड्यावर गेलेला. मालूनं कपाटातून ते नवं पातेलं काढलं, मनस्वीनं येणाऱ्या बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळायला आणलेलं. त्यावरचा कागद अजून निघाला नव्हता. मग तिनं स्टीलच्या वाटीवर बाटली उपडी धरली. निमुळत्या मानेतून तेल धड येईना. थेंब, मग थांबा, मग थेंब. तळाचं तेल काळपट होतं आणि त्याला जुन्या माजघरासारखा वास होता. तेवढं उतरायला अर्धा तास गेला. मालू हात न हलवता बसून राहिली. बाटली रिकामी झाली तेव्हा ती इतकी हलकी लागली की तिला स्वतःच्या हाताचीच शंका आली.

गुणाबाईच्या तीन गोष्टी तिला आठवत नव्हत्या असं नाही. ऋचाचंही आठवत होतं. पण सोमवारी बाटली जायची तर जाऊ दे, किंवा राहायची तर राहू दे, नातवंडाला लावायचं असेल तर ती आधी स्वच्छ हवी. दुधाच्या बाटल्या उकळतात, ही तेलाची. काच ती काच. पाण्याला खळखळून उकळी आली तशी मालूनं सांडशीनं बाटली धरली आणि आत सोडली.

आवाज फार मोठा झाला नाही. बांगडी वाढवावी एवढाच. पाणी उकळतच राहिलं आणि त्यात हिरवट तुकडे वरखाली व्हायला लागले.

मालूनं गॅस बंद केला. ती ओट्यापाशीच फरशीवर बसली. ती रडली, आवाज न करता, नाक पदराला पुसत. तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची, की चिखलात टिकली, फावड्याखाली टिकली, तीन बायांच्या हातांत टिकली आणि शहाणपणा करायला गेली मालू.

दोन वाजता मनस्वी आली. पातेलं बघितलं, वाटी बघितली, खाली बसलेली सासू बघितली.

“काय केलंत आई?”

“धुतली,” मालू म्हणाली. “उकळली. तू म्हनली व्हतीस.”

मनस्वीचा चेहरा उतरला. मग तिनं पर्समधून लॅबचे हातमोजे काढले, पाणी गाळलं आणि तुकडे एकेक करून गॉजवर मांडले. मोठे नऊ, बारीक कितीतरी. चपटी कड मात्र अख्खी निघाली होती. पोट अडत होतं तरी ती ओणवी होऊन ओट्याखालीसुद्धा शोधत राहिली. त्या दुपारी दोघी जेवल्या नाहीत.

सोमवारी मालू नेहमीच्या वेळेला कामोठ्याला गेली. कनवटीला काही नव्हतं. तुकडे एका डब्यात, लुगड्याच्या चुंबळीत गुंडाळून नेले होते. ऋचानं दार उघडलं तसा तिनं डबा पुढे केला आणि जे झालं ते झालं तसं सांगितलं.

ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सोफ्यावर बसली, डबा मांडीवर घेतला, उघडला. एक शब्द वेडावाकडा बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “आमच्याकडे येतात ते तुकडेच येतात, मावशी. अख्खं क्वचित. तेव्हाच्या घरांतही फुटतच असणार. फुटकी काच ते टाकत नसत, गोळा करून पुन्हा भट्टीत घालत. साहेबांना मी सांगते. तुकड्यांवरूनसुद्धा खूप कळतं.”

मालूनं मान हलवली. इथं गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण एक सांगून दुसरं पोटात ठेवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

“आनखी एक हाय. बुधवारी इरा माज्या हातून निसटली. न्हाताना. कोपरानं धरली म्हनून वाचली. माजे अंगठे गेलेत, ताई. उद्यापासून मी येनार नाय.”

बाटलीचं ऐकून ऋचा बसली होती. हे ऐकून ती उठली. डबा बाजूला ठेवून पाळण्याकडे गेली, इराला उचललं आणि छातीशी धरून उभी राहिली. पोरीच्या डोक्यावरून, मानेवरून हात फिरवून बघितलं. त्या नजरेत मालूबद्दल जे आलं ते बाटलीच्या वेळी आलं नव्हतं. मालूला ते समजलं आणि पटलंही. आईनं तसंच बघायला हवं.

“तेव्हाच सांगायला हवं होतं, मावशी,” ऋचा म्हणाली.

“व्हय.”

तेवढंच बोलणं झालं. दारापर्यंत मात्र ऋचा आली, आणि इराला न सोडता एका हातानं मालूचा खांदा धरून तिनं दाबला.

मालू घरी आली तेव्हा ऊन चढलं होतं. सोमवार मनस्वीच्या सुट्टीचा. ओट्यावर ती तेलाची वाटी तशीच होती, वर बशी झाकलेली.

“फेकलं नाय?” मालूनं विचारलं.

“तुमचं आहे. मी कोण फेकणारी?”

मालू चटईवर बसली आणि तिनं सुनेला पण सांगून टाकलं. पोर कशी निसटली ते, अंगठ्यांचं, चहाच्या कपाचं. “तू बाटली नको म्हनलीस ते बरंच झालं. माजा हातच ऱ्हायला नाय. तुज्या बाळाला दुसरी कोनतरी बघ.”

मनस्वी ओट्यापाशी गेली. मग वाटी घेऊन आली आणि कशीबशी, भिंतीला धरून, मालूच्या पायांशी बसली.

“दुसरी कशाला? मला शिकवा.”

“शिकवू कशावर? बाळ कुठाय अजून?”

“तुमच्यावर शिकते.” तिनं मालूचं पाऊल उचलून मांडीशी घेतलं. “हे तेल बाळाला लावणार नाही, ते आताच सांगते. पण तुम्ही काही बाळ नाही.”

मालूला हसू आलं. पाऊल मागे घ्यावं असं वाटलं, घेतलं नाही. हरेशच्या वेळी गुणाबाईनं तेल लावलं होतं, त्यानंतर तिच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा तेलाचा हात लागला नव्हता. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिठागरात राबलेली ती पावलं, टाचांना जुन्या चिरा, घोट्यापर्यंत पांढुरके डाग. मनस्वी लॅबवाली, नळीत रक्त भरावं तसं जपून तेल लावत होती.

“घाबरू नको. तळव्यातून वर घे. अंगठ्यानं नाय, तळहाताच्या गादीनं. माजे अंगठे असेच गेले.” मनस्वीनं हात बदलला. “हां. आता घोट्याला गोल. उलटं नाय, असं.” मनस्वीनं दुसरं पाऊल घेतलं, मग पोटऱ्या, मग हात. चुकत होतं, सुधारत होतं. मालू सांगत राहिली, पण एकेक सूचना आधीच्या सूचनेहून हळू यायला लागली.

वाटीत तळाशी थोडं उरलं तेव्हा मालूनं डोळे उघडले. “थोडं ठेव गं,” ती म्हणाली. चाळीस वर्षांची सवय बोलली.

मनस्वीनं वाटी कलती केली. बोटानं सगळी कड पुसून घेतली आणि ते सगळं तेल मालूच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, सुजेवर, लावलं. तळहाताच्या गादीनं, सांगितलं होतं तसं. दाब जरा जास्त होता. मालूनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हात तिनं मनस्वीकडेच राहू दिला.